क्लच प्लेट स्वतः बदलायला शिकताना : नाशिकमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या २००९ च्या वॅगन-आरची क्लच प्लेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला जोडणारी चकती) मी सातपूरला, आमच्या कॉलनीच्या आवारात बदलली. सोबतीला शेजारचे मिस्त्री काका होते. तरुणपणी ते गॅरेजात होते, पुढे अंबडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर ओळखीतल्या पाच गाड्यांच्या वेळी मी मदतनीस म्हणून उभी राहिले. दर वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

एक गोष्ट आधीच सांगते. या कामात क्लचचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं. बाकी सगळा वेळ गिअरबॉक्स खाली घेण्यात आणि परत जागेवर बसवण्यात जातो. मदतनीस हवा तो वजन उचलायला नव्हे, चुकीच्या क्षणी तुमचा हात धरायला.

क्लच प्लेट संपली हे नक्की कसं ओळखायचं?

चढावर कळतं. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाताना किंवा कसारा घाट चढून इगतपुरीकडे येताना ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो, पण गाडी तेवढी उचलत नाही. पाठोपाठ जळका वास येतो. गॅरेजच्या भाषेत क्लच स्लिप मारतोय. गंगापूर रोडसारख्या सपाट रस्त्यावर हे कित्येक दिवस लक्षातही येत नाही. दुसरी खूण म्हणजे पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावरच गाडी हलायला लागते.

खात्री करायची असेल तर मोकळ्या जागेत गाडी उभी करा. हँडब्रेक पूर्ण ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन धडपडून बंद पडलं तर प्लेट अजून पकडते आहे. क्लच पूर्ण सुटला तरी इंजिन चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे. ही चाचणी एकदाच करा. पुन्हा पुन्हा केली तर उरलीसुरली प्लेट तिथेच जळेल.

गिअर अडकत पडतो, म्हणजे प्लेटच गेली ना?

नाही, घाई करू नका. गिअर अडकतो तेव्हा बहुतेकदा क्लच पूर्ण सुटत नसतो, आणि त्याला केबलही कारण असू शकते. माझ्या आधीच्या गाडीचे गिअर हार्ड पडत होते. एका वर्कशॉपने केबलकडे न बघता पूर्ण सेट बदलायला लावला. मी पैसे भरले, आणि महिन्याभरात तीच तक्रार परत आली. केबलच्या आतले धागे एकेक करून तुटत आले होते. काकांनी ती केबल काढून माझ्या हातात दिली आणि दोन बोटांत धरून वाकवायला सांगितलं. आतून कुरकुर आवाज आला. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. क्लच शिकायचा असं मी त्या दिवशी ठरवलं.

तेव्हा आधी केबल बघा, मग पेडलची सैल चाल बघा. केबलवाल्या छोट्या गाड्यांमध्ये हाताने हलकेच दाबल्यावर पेडल सुरुवातीला साधारण दीड-दोन सेंटीमीटर सैल जायला हवं. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. ही चाल अजिबातच उरली नसेल तर प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारा भाग) पूर्ण दाब देत नाही आणि चांगली प्लेटही घसरते. चाल फार वाढली असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. दोन्हीवर उपाय केबलच्या टोकाचं नट फिरवणं, पाच मिनिटांचं काम.

आवाज येतो त्याचं काय?

पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर बहुधा रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटचा दाब सोडवणारं बेअरिंग. पेडल सोडलेलं असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून ताकद आत नेणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर घ्या. हे दुसरं काम बॉक्स फोडून करायचं, घरी नाही.

माझी गाडी घरी करण्यासारखी आहे का?

जुनी मारुती ८००, अल्टो, झेन, जुनी वॅगन-आर, सँट्रो : पुढची चाकं ओढणाऱ्या आणि केबलवर क्लच असणाऱ्या या गाड्या शिकायला चांगल्या. बॉक्स लहान असतो, बोनेटखाली हात जातो.

हायड्रॉलिक क्लचची, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर क्लच चालणारी गाडी जमते, पण ब्रेक ऑइल आणि हवा काढण्याचं काम वाढतं. ते तेल रंगावर सांडलं तर रंग उठतो, लगेच पाण्याने धुवा. काही गाड्यांत रिलीज बेअरिंग आणि तेलाच्या दाबाने ते ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर एकत्र, बॉक्सच्या आतच असतात. तिथे जुना सिलिंडर परत वापरू नका. तो महिन्याभराने गळायला लागला तर सगळा बॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

बोलेरोसारखी मागची चाकं ओढणारी गाडी आपल्या नाशिकच्याच कारखान्यात तयार होते, त्यामुळे इथे जाणकार भरपूर. पण तिचा बॉक्स जड, लांब, आणि मागे प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा. पहिल्या वेळेला नको.

ऑटोमॅटिक गिअर टाकणाऱ्या एएमटी गाड्या, म्हणजे २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेला प्रकार, घरी करू नका. प्लेट बदलल्यावर स्कॅनर लावून गाडीला नवा क्लच शिकवावा लागतो. ड्युअल मास फ्लायव्हील (फ्लायव्हील म्हणजे क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते ते इंजिनचं जड चाक; इथे ते दोन भागांचं असतं) असलेल्या डिझेल गाड्याही वर्कशॉपलाच न्या. आणि गाडी वॉरंटीत असेल तर तिला हात लावू नका.

मदत कोणाची घ्यायची?

ज्याने स्वतः किमान दोन-तीनदा गिअरबॉक्स उतरवून चढवला आहे अशा माणसाची. व्हिडिओ बघितलेला उत्साही मित्र पाने द्यायला बरा, पण तो ‘मदत’ नव्हे. नाशिकमध्ये असा माणूस सापडणं अवघड नाही. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले फिटर प्रत्येक कॉलनीत आहेत. आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड केलेली मुलंही असतात. ओळखीचा गॅरेजवाला रविवारी त्याच्याच जागेत तुम्हाला हाताखाली घ्यायला तयार झाला तर त्याहून चांगलं काही नाही.

विचारताना स्पष्ट विचारा : ‘काका, काम तुम्ही करू नका, मला करू द्या. मी चुकते आहे असं वाटलं की थांबवा.’ बऱ्याच मिस्त्रींना हे जड जातं. त्यांचे हात आपोआप पुढे येतात. आमचे काका पहिल्या दिवशी हात मागे बांधून खुर्चीवर बसले होते, अक्षरशः. मी पाना उलटा लावला की ते फक्त ‘हं?’ म्हणायचे. त्या एका ‘हं’ने मी जेवढं शिकले तेवढं शंभर वेळा बघूनही शिकले नसते.

त्यांच्या वेळेचा मोबदला द्या. ते नको म्हणाले तरी द्या. दोन दिवस कोणी तुमच्या गाडीखाली डोकं घालून बसत असेल तर चहा-मिसळीवर भागवू नये.

तिसरा माणूसही हवा, तो कोणीही चालेल. पेडल दाबायला, टॉर्च धरायला, आणि बॉक्स चढवताना बाजूने आधार द्यायला. माझा भाऊ होता.

जागा कशी हवी?

सपाट आणि कडक. सिमेंटचा कोबा सगळ्यात चांगला. सोसायटीत आधी विचारा, कारण गाडी दोन दिवस हलणार नाही. पावसाळ्यात हे काम उघड्यावर काढू नका आणि मे महिन्याच्या उन्हातही नको. दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंतचा काळ उत्तम.

पेव्हर ब्लॉकपासून सावध. दुसऱ्या एका गाडीच्या वेळी आम्ही ब्लॉकवर जॅक लावला. आदल्या आठवड्यात अवकाळी पडून गेला होता, खालची वाळू बसलेली नव्हती. गाडी वर जाता जाता जॅक एका बाजूला कलला आणि ब्लॉक खाली दबला. घोडी (उचललेली गाडी तोलून धरणारा लोखंडी स्टँड) अजून लावायची होती, गाडीखाली कोणी नव्हतं. म्हणूनच काही झालं नाही. तेव्हापासून जॅक आणि घोड्यांखाली जाड प्लायवूडची फळी घालते, जमीन कशीही असो.

गाडी उचलताना काय पाळायचं?

मागच्या दोन्ही चाकांना दगडाची उटी. हँडब्रेक ओढलेला. पुढून ट्रॉली जॅकने उचलून दोन्ही बाजूंना घोडी, गाडीच्या नेमलेल्या जागी, पत्र्यावर नव्हे. मग गाडीला खांद्याने जोरात हलवून बघा. ती हलली तर पुन्हा खाली घ्या आणि नव्याने लावा. काढलेली चाकं गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा; घोडी सटकलीच तर गाडी चाकावर थांबेल. फक्त जॅकवर असलेल्या गाडीखाली एक मिनिटही जायचं नाही, एक बोल्ट पडला म्हणूनही नाही.

उंची किती? बॉक्स जॅकवर ठेवलेला असताना बंपरखालून बाहेर निघाला पाहिजे. दीड फूट धरून चला. पहिल्या वेळी आम्ही कमी उचलली. बॉक्स खाली आला, पण बाहेर निघेना, आणि तो तसाच ठेवून गाडी अजून वर घ्यावी लागली.

हत्यारं कोणती लागतात?

८ ते १९ पर्यंतचे रिंग पाने आणि गोटी (सॉकेट) पाने, रॅचेट, एक लांब आणि एक आखूड एक्स्टेन्शन, टॉमी (उचकटायची लोखंडी सळई), हातोडी, ट्रॉली जॅक, दोन घोड्या, बॉक्ससाठी दुसरा जॅक, गिअर ऑइल भरायला नळी आणि नरसाळं. टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच कसायचा पाना) भाड्याने किंवा उसना मिळाला तर जरूर घ्या. प्लेट मध्यावर आणण्यासाठी सेंटरिंग टूल लागतं. गॅरेजात यासाठी जुन्या बॉक्सचा इनपुट शाफ्ट जपून ठेवलेला असतो, तोही चालतो.

आणि एक द्राक्षांचा पुठ्ठ्याचा खोका. गंमत नाही करत. त्याच्या झाकणावर बॉक्सचा ढोबळ आकार काढा, बोल्ट जिथून निघाला तिथे भोक पाडा आणि त्यात तो बोल्ट खोचा. बेल हाउसिंगचे, म्हणजे बॉक्सच्या इंजिनला जोडणाऱ्या घंटेसारख्या भागाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूडच्या जागी गेला तर तो तळाला टेकतो, तुम्हाला वाटतं घट्ट झाला, आणि आणखी जोर दिला की ॲल्युमिनियमचे आटे जातात.

सामान घेताना काय बघायचं?

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र, म्हणजे पूर्ण सेट. नुसती प्लेट बदलून पैसे वाचवू नका. बॉक्स उतरवण्याचे कष्ट तेच आहेत. केबल जुनी असेल तर तीही, आणि ॲक्सलच्या ऑइल सीलची जोडी.

दुकानात जाताना आरसी बुकाचा फोटो न्या. एकाच नावाच्या गाडीला वर्षाप्रमाणे वेगळा सेट असतो. शक्य असेल तर बॉक्स उतरल्यावर जुना सेट घेऊन दुकानात जा आणि नवा त्याच्या शेजारी ठेवा. व्यास सारखा आहे का, मधल्या भोकातले दाते मोजून तेवढेच आहेत का, प्रेशर प्लेटची उंची जुळते का. पक्कं बिल घ्या. नकली सेट खोक्यावरून ओळखणं कठीण झालं आहे. किंमत फारच कमी वाटली तर ते दुकान सोडा.

किती वेळ लागतो?

सरावाचा मिस्त्री लिफ्टवर अर्ध्या-पाऊण दिवसात करतो. तुम्हाला पहिल्यांदा दोन पूर्ण दिवस. सोमवारी गाडी लागणारच आहे अशा आठवड्यात सुरू करू नका, घाईत चुका होतात.

कामाचा क्रम काय असतो?

गाडीगणिक फरक पडतो, मॅन्युअल समोर ठेवा. पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाडीचा ढोबळ क्रम असा.

सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर. स्टार्टर मोटरकडे येणारी जाड वायर थेट बॅटरीची असते. पाना तिला आणि बॉडीला एकदम टेकला तर ठिणगी उडते. मग बॅटरी, तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा बाहेर. क्लच केबल, गिअरचे रॉड किंवा केबल, रिव्हर्स लाइटच्या स्विचची वायर, स्पीडोमीटरची केबल किंवा सेन्सर, आणि बॉक्सवरची अर्थ वायर सोडा. अर्थ वायर हमखास विसरते आणि बॉक्स निम्मा खाली आल्यावर ताणली जाते. प्रत्येक जोड सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. शेवटी स्टार्टर मोटर काढा.

आता खाली. गिअर ऑइल काढण्याआधी ते भरायचं नट सुटतं का बघा. ते गंजून बसलं असेल आणि तुम्ही तेल आधी सोडून दिलं, तर रिकामा बॉक्स घेऊन बसाल. भरायचं सुटलं की मगच खालचं सोडा.

चाकं काढा, लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडा, म्हणजे हब बाहेरच्या बाजूला ओढता येतो आणि ॲक्सलचं आतलं टोक बॉक्समधून निघतं. तिथे सर्कलिप, म्हणजे टोक अडकवून ठेवणारी तारेची कडी असते. बॉक्स आणि ॲक्सल यांच्या फटीत टॉमी घालून छोटा झटका द्या. ॲक्सल हाताने धरून ओढू नका, रबरी बूटच्या आत जॉइंट सुटतो आणि नवीनच काम उभं राहतं. बाहेर येताना ॲक्सलचे दाते ऑइल सीलच्या ओठाला घासू देऊ नका.

इंजिनखाली जॅक लावा, मध्ये लाकडी फळी. ऑइल चेंबरचा पत्रा थेट जॅकवर दबतो. मग बॉक्सच्या बाजूची माउंटिंग सोडा, बॉक्सखाली दुसरा जॅक, आणि बेल हाउसिंगचे बोल्ट. वरचा एक बोल्ट शेवटपर्यंत हाताने लावलेला राहू द्या. बॉक्स दोघांनी धरला आहे याची खात्री झाली की तो काढा आणि बॉक्स इंजिनपासून सरळ मागे घ्या. सरळ, तिरका नाही. इनपुट शाफ्ट प्लेटमधून पूर्ण बाहेर आला की मगच खाली.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, प्रत्येक अर्धा-अर्धा फेरा असे सैल करत जा. आत स्प्रिंगचा दाब असतो. एकच बाजू मोकळी केली तर प्लेट मुरडते. शेवटच्या बोल्टला एक हात खाली धरा, नाहीतर सगळं तुमच्या तोंडावर येईल.

फ्लायव्हील बदलायचं की तेच ठेवायचं?

बहुतेक वेळा तेच ठेवता येतं. ब्रेक क्लीनरने पुसा आणि उजेडात बघा. निळसर काळे डाग म्हणजे तापलं होतं. बारीक भेगा किंवा नखाला लागतील अशा चरा दिसल्या तर काढून लेथवर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्या. अंबडला, सातपूरला लेथवाले कमी नाहीत. नुसतं गुळगुळीत झालं असेल तर पॉलिश पेपर फिरवून पुन्हा पुसा.

क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील इथेच दिसतं. तिथे ओलावा असेल तर आत्ताच बदला. तेल नव्या प्लेटवर आलं की ती घसरणारच, आणि मग दोष नव्या सेटला लागतो.

प्लेटची कोणती बाजू कुठे?

प्लेटवर बहुधा फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते. लिहिलेली नसेल तर स्प्रिंगांचा फुगीर भाग सर्वसाधारणपणे बॉक्सकडे येतो. जुनी प्लेट काढतानाच फोटो घेतला असेल तर शंका राहत नाही. उलटी बसली तर फुगीर भाग फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो आणि क्लच सुटत नाही. बसवून झाल्यावर हे कळतं, तेव्हा रडू येतं. आमच्याकडे एका मित्राचं असं झालं होतं.

प्रेशर प्लेट लावतानाही बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे. सेंटरिंग टूल शेवटचा बोल्ट टॉर्कला कसेपर्यंत आत राहू द्या. शेवटी ते अलगद, न अडकता बाहेर आलं पाहिजे.

बॉक्स शेवटचा एक सेंटीमीटर आत जातच नाही. काय करू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं.

माझ्यावर ही वेळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. बॉक्स जॅकवर, भाऊ बाजूने धरून, मी खाली पाठीवर. इंजिन आणि बेल हाउसिंगमध्ये बोटाएवढी फट राहिली होती. तासभर हलवून झालं. हात भरून आले होते. मी ठरवलं की दोन लांब बोल्ट लावू आणि आलटून पालटून कसत बॉक्स ओढून घेऊ. पहिला बोल्ट तीन आटे गेलाही होता. तेवढ्यात काका वाकले, त्यांनी माझ्या पान्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, ‘काढ तो. आत काय अडतंय ते तुला माहीत आहे का?’

मला माहीत नव्हतं.

बोल्टने ओढला असता तर शाफ्टचं टोक प्लेटच्या मधल्या तुकड्यावर दाबलं गेलं असतं, प्लेट वाकली असती किंवा बेल हाउसिंगचा कान तुटला असता. बोल्ट ही फट मिटवण्यासाठी नसतात. फट हातानेच मिटली पाहिजे, बोल्ट नंतर फक्त धरून ठेवतात.

काकांनी आम्हाला बॉक्स पूर्ण खाली घ्यायला लावला. टॉर्चच्या उजेडात बघितलं तर रिलीज बेअरिंग फोर्कच्या (ते सरकवणाऱ्या फाट्याच्या) बोटांतून एका बाजूने सटकलं होतं, तिरकं बसलं होतं. एवढंच. ते नीट बसवलं, केबलच्या बाजूने फोर्क तारेने हलकेच बांधून ठेवला म्हणजे पुन्हा हलू नये. मग त्यांनी अजून एक दाखवलं : फट चारी बाजूंनी सारखी आहे का हे बघत राहायचं. वर जास्त आणि खाली कमी असेल तर बॉक्सचं इंजिनपासून दूरचं टोक खाली झुकलं आहे, तिथला जॅक किंचित वर घ्या. फट सारखी आहे पण अडतंय, तर दाते जुळलेले नाहीत. बॉक्स गिअरमध्ये टाका आणि कोणीतरी क्रँक पुलीचा (इंजिनच्या दुसऱ्या टोकाच्या पुलीचा) बोल्ट पान्याने थोडा फिरवावा.

आम्ही ते केलं. भावाने पुली बोटभर फिरवली. बॉक्स माझ्या हातांत हलला आणि डॉवेल पिनांवर (बॉक्स नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्यांवर) जाऊन बसला, ‘टक्’ असा एकच आवाज. फट गेली. तोपर्यंत जोर लावून जे होत नव्हतं ते जवळजवळ वजनाशिवाय झालं.

फट बुजत नसेल तेव्हा हेच तपासा : बेअरिंग जागेवर आहे का, प्लेट मध्यावर आहे का, एखादी वायर मध्ये अडकली आहे का, डॉवेल पिना गंजल्या आहेत का. आणि बॉक्सला एक क्षणही नुसत्या शाफ्टवर लटकू देऊ नका. सुमारे ३० किलोचं वजन प्लेटच्या मधल्या तुकड्यावर येतं आणि ती वाकते. डोळ्याला दिसत नाही, पण गाडी उचलताना थरथरते.

बॉक्सचं वजन मला पेलेल का?

पेलायचं कोणी सांगितलंय? जॅक पेलतो, तुम्ही दिशा द्यायची. मी काही पैलवान नाही. पण छातीवर बॉक्स धरून वर ढकलणं हा प्रकार मुळीच नको, अगदी अनुभवी लोक करत असले तरी.

ग्रीस कुठे लावायचं?

इनपुट शाफ्टच्या दात्यांवर अगदी पातळ हात, लावून जादाचं पुसून टाकायचं. फोर्कच्या टेकण्याच्या जागी थोडंसं. बेअरिंग ज्या नळीवर सरकतं तिथे मॅन्युअल सांगेल तसं. प्लेटच्या अस्तराला आणि फ्लायव्हीलला ग्रीसचं बोटही लागता कामा नये. नवी प्लेट धरण्याआधी हात साबणाने धुवा.

आतली काळी धूळ हवेने उडवली तर?

कृपया नको. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचं आणि आपल्या गाडीत पूर्वी कोणतं बसवलं होतं हे सांगता येत नाही. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा, फडकं पिशवीत बांधून टाका.

जुनं गिअर ऑइल कुठे टाकायचं?

डब्यात भरा आणि ज्या गॅरेजात काळ्या तेलाचा ड्रम साठवून देतात तिथे नेऊन द्या. गटारात ओतलं तर ते नाल्यातून नासर्डी नदीत आणि तिथून गोदावरीत जातं. मातीत मुरवणंही तेच. नवं तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच, आणि भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत, गाडी सपाट असताना.

गाडी खाली उतरवण्याआधी काय तपासायचं?

यात तीन माणसं लागतात. इंजिन बंद, गाडी अजून घोड्यांवर, चाकं लटकलेली, पहिला गिअर टाकलेला. एकाने उजवं चाक घट्ट धरायचं, दुसऱ्याने डावं फिरवायचं. क्लच सोडलेला असताना ते फिरता कामा नये. तिसऱ्याने पेडल दाबलं की मोकळं फिरलं पाहिजे. उजवं चाक धरलं नाही तर डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) ते उलटं फिरतं आणि तुमची फसगत होते. एका गाडीच्या वेळी आम्ही त्यामुळे क्लच बिघडला समजून उगाच घाबरलो होतो.

यानंतर पेडलची सैल चाल लावा, सगळ्या वायरी फोटोशी ताडा, पुठ्ठ्यावर एकही बोल्ट उरलेला नाही हे बघा. चाकांचे नट गाडी जमिनीवर आल्यावर पुन्हा कसा.

अर्ध्यात अडकले तर?

अडकलात तर थांबा. आटे गेले, बोल्ट तुटला, किंवा काका दुपारी निघून गेले, तर बॉक्स जमिनीवर नीट ठेवा, ॲक्सलच्या भोकांना स्वच्छ कापड लावा आणि दुसऱ्या दिवशी माणूस बोलवा. मिस्त्री घरी येऊन उरलेलं काम करून देतात. यात कमीपणा काहीच नाही.

पैसे वाचतात का?

पहिल्या वेळी फारसे नाही. मजुरी वाचते, ती घोड्या, जॅक आणि पान्यांत जाते. दुसऱ्या वेळेपासून वाचतात. पण पुढच्या वेळी कोणी ‘पूर्ण सेट घालावा लागेल’ म्हणालं तर तुम्हाला नेमकं काय विचारायचं ते माहीत असतं. माझ्यासाठी तेच मोलाचं.

नवा क्लच लवकर जाऊ नये म्हणून?

द्वारका, मुंबई नाका, इंदिरानगरचा बोगदा : इथल्या गर्दीत अर्धा क्लच धरून सरकत राहण्याची सवय सगळ्यांना आहे. पुढची गाडी दोन हात सरकली की लगेच सरकू नका, जागा होऊ द्या. सिग्नलला न्यूट्रल. चढावर गाडी क्लचवर तोलून धरू नका, हँडब्रेक वापरा. चालवताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवू नका, तेवढ्या दाबानेही बेअरिंग फिरत राहतं.

पहिले ५०० किलोमीटर शहरातच, हलक्या पायाने. गडावर, घाटात, पूर्ण माणसं भरून जाणं तोवर टाळा. नव्या प्लेटचा थोडा वास पहिल्या एक-दोन दिवसांत येऊ शकतो.

५०० किलोमीटरनंतर काय बघायचं?

अस्तर बसल्यावर पेडलची चाल थोडी बदलते, ती पुन्हा लावून घ्या. माउंटिंगचे बोल्ट एकदा पान्याने तपासा. रात्री गाडी उभी करताना बॉक्सखाली कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवा आणि सकाळी बघा. गिअर ऑइलचा डाग ॲक्सलच्या बाजूला असेल तर सीलला धक्का लागला आहे, तेवढं एक सील बदलायचं. बरोबर मध्यावर, इंजिन आणि बॉक्सच्या सांध्याखाली असेल तर काकांना हाक मारा.